शिशाच्या गोळीचा धूर: मेणाचं वंगण की पावडर कोटिंग?

नागपुरातल्या एका परवानाधारक नेमबाजाचा प्रश्न: धूर कमी करायला (शिसं नळीला चिकटू नये म्हणून गोळीला लावायचं) वंगण बदलू की गोळ्यांना पावडर कोटिंग, म्हणजे रंगाच्या भुकटीचा भाजून पक्का केलेला थर, करू? (काडतूस भरायचाही परवाना लागतो, तो आहे असं धरतो.)

धूर बराचसा वंगण जळल्याचा, त्यामुळे इथे कोटिंग सरळ जिंकतं. मेणच वापरायचं तर फक्त गोळीवरच्या खाचेत भरा, बुडाला लागलेलं पुसा. ज्वाळा तिथेच लागते. आणि मे महिन्यात पारा ४५ वर असताना काडतुसं बंद गाडीत ठेवलीत, तर मऊ वंगण ओघळून दारूत उतरतं नि बार फुसका होतो.

खर्च, खटपट मेणाला कमी. कोटिंगला २०० अंश सेल्सिअसला साधारण २० मिनिटं भाजणं आलं (स्वयंपाकघरातला ओव्हन अजिबात नको), मग थराने फुगलेली गोळी सायझिंग डायमधून (गोळी नेमक्या मापाची करणारा साचा) काढणं. एक गोळी हातोडीने चेपा. थर सोलला तर भाजणं कच्चं.

नळीला शिसं चिकटतंय? आधी माप घ्या. गोळी नळीच्या आतल्या पिळदार खाचांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ०.००१ इंच जाड हवी. सैल गोळीच्या कडेने गरम वायू निसटतो, शिसं वितळवतो. तिथे मेण काय नि कोटिंग काय!

बंदिस्त रेंज, नेमाने सराव: कोटिंग. उघडं मैदान, मोजक्या गोळ्या: मेण पुरे.