क्लीव्हलँड फाउंडेशनचे अनुदान : वस्तीच्या मालकीचा विचार करणारी सेवा

बँकर फ्रेडरिक गॉफ यांनी 1914 साली अमेरिकेतील ओहायो राज्यात स्थापन केलेले क्लीव्हलँड फाउंडेशन ही जगातील पहिली सामुदायिक प्रतिष्ठान संस्था (एका परिसरातील लोकांच्या देणग्या एकत्र करून त्याच परिसरासाठी अनुदान देणारी संस्था) मानली जाते. तिच्या अनुदानांचे वेगळेपण मला सर्वाधिक जाणवले ते एव्हरग्रीन सहकारी संस्थांच्या उपक्रमात. बड्या रुग्णालयांच्या आणि विद्यापीठाच्या शेजारीच वर्षानुवर्षे गरिबीत राहिलेल्या वस्त्यांमध्ये केवळ मदत न वाटता कामगारांच्या मालकीचे उद्योग उभे करायचे आणि त्यांना या मोठ्या संस्थांचीच कामे मिळवून द्यायची, ही त्यामागची कल्पना आहे. एव्हरग्रीनच्या 2009 साली सुरू झालेल्या धुलाई केंद्रात रुग्णालयातील चादरी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालणारा कामगार परिविक्षेचा (सुरुवातीच्या चाचणीचा) काळ संपल्यावर सभासद होऊ शकतो; भागभांडवलाची रक्कम त्याच्या पगारातून थोडीथोडी वळती होते आणि नफ्यातील वाटा त्याच्या खात्यावर जमा होतो. एरवी अनुदानाचा पैसा वर्षभरात खर्ची पडतो. येथे तो कामगाराच्या नावावर साठत जातो, आणि मला हीच बाब मोलाची वाटते.

उणीव आहे ती वेगाची. क्लीव्हलँड क्लिनिक या शहरातील बड्या रुग्णालयाचे धुलाईकाम एव्हरग्रीनकडे आले ते 2018 मध्ये, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी. एका छोट्या संस्थेसाठी मी अनुदानाचे अर्ज भरले आहेत. बारा महिन्यांत फलित दाखवण्याची अट किती जाचक असते, हे मी जाणतो. इतका काळ पाठीशी उभे राहणारा अनुदानदाता विरळाच, म्हणून माझी शिफारस निःसंकोच आहे.