गावातली मणीपट्टी की तालुक्याचा दवाखाना?

दोन वर्षांच्या आतलं बाळ खोकतंय, अंग तापलंय. न्यूमोनिया आहे का हे बघायला आधी गावातच मण्यांच्या पट्टीवर श्वास मोजायचे, की थेट गाडी शोधायची?

दवाखान्यात ऑक्सिजन, एक्स-रे, सलाईन सगळं आहे. पण गडचिरोलीच्या जंगलातल्या गावातून पावसाळ्यात नाला भरला की तोच दवाखाना फार लांब जातो. न्यूमोनिया तेवढं थांबत नाही.

म्हणूनच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे निरक्षर दाईंच्या हाती मण्यांची पट्टी दिली. शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाचं झबलं वर करायचं, पोटाकडे नजर ठेवायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला की न्यूमोनिया! आकडे न येणाऱ्या बाईलाही हे जमतं, याचं मला फार मोल वाटतं. हिशेब असा: दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. मोजताना बाळ शांत हवं. रडताना मोजलेलं फुकट.

माझा कौल गावातल्या मोजणीला, कारण औषध वेळेत सुरू होतं. मात्र बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध पिणं थांबलं असेल, झटके आले किंवा ओठ निळे पडले, तर मणी मोजत बसू नका. 108 ला फोन लावा.