पादचारी पूल की जमिनीवरचं क्रॉसिंग?

रुंद रस्त्यावर अपघात वाढले की पहिली मागणी होते ती पादचारी पुलाची. दुसरा पर्याय साधा: पट्टे, सिग्नल आणि मधे थांबायला दुभाजकात जागा.

पुलाचा हिशोब मांडून पाहा. खालून ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळी उंची सोडायची, त्यावर स्लॅबची जाडी. म्हणजे एका बाजूला ४० च्या आसपास पायऱ्या. व्हीलचेअरसाठी १:१२ उताराचा (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) रॅम्प म्हटला तर दोन्ही बाजूंना ७०-७० मीटर लांबी. लिफ्ट बसवली, तर ती चालू ठेवणं हे वेगळंच काम. गुडघे धरलेली आजी काय करते? दुभाजकाच्या फटीतून घुसते. मग तिथे जाळी ठोकतात आणि दोष पुन्हा पादचाऱ्याच्याच माथी!

क्रॉसिंग स्वस्त, पण त्याला आखणी नीट लागते. सेकंदाला १.२ मीटर चालणारा २० मीटरचा रस्ता १७ सेकंदांत ओलांडतो; ०.८ मीटरने चालणाऱ्या वृद्धाला २५ सेकंद लागतात. सिग्नल कोणाच्या चालीने लावलाय, यावर सगळं अवलंबून. मधे थांबा असेल तर दोन टप्प्यांत जमतं. क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला उचललं की गाड्यांचा वेग आपसूक उतरतो. नुसते रंगवलेले पट्टे मात्र शोभेचेच.

द्रुतगती मार्ग किंवा रेल्वेरूळ असेल तर पूलच हवा, तिथे वाद नाही. दुतर्फा दुकानं-शाळा असलेल्या रस्त्यावर मी क्रॉसिंग निवडेन, गाडीवाल्यांना अर्धा मिनिट थांबावं लागेल हे धरूनच.