लिनक्सवर फोन जोडताना 'नो परमिशन्स' येतंय? हे पॅकेज टाका

उबुंटू नाहीतर डेबियनवर अँड्रॉइड ॲप बनवताय, फोन केबलला लावलाय, डीबगिंग चालू आहे आणि तरी एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनशी बोलणारं अँड्रॉइडचं टूल) डिव्हायसेसमध्ये 'नो परमिशन्स' असंच येतंय, तर 'अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन' हे पॅकेज आधी टाका, बाकीचं नंतर बघा. नाव लांबलचक आहे पण आत कामाची गोष्ट एकच, युडेव्ह रूल्सची फाइल, म्हणजे जोडलेलं डिव्हाइस कोणाला वापरता येईल हे लिनक्सला सांगणारे नियम, तिच्यात फोन कंपन्यांचे यूएसबी आयडी असतात. होतं काय की केबल लावली की लिनक्स त्या फोनची डिव्हाइस फाइल रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरच्या) नावावर बनवतं, आपल्या साध्या युजरला त्यात लिहिता येत नाही, आणि हे रूल्स ती फाइल प्लगडेव्ह नावाच्या युजर-ग्रुपला देतात. आपला युजर त्या ग्रुपमध्ये नसेल तर टाका आणि पूर्ण लॉगआउट करून परत या, नुसतं नवीन टर्मिनल उघडून भागत नाही.

मला हे एवढं आवडायचं कारण म्हणजे सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, एडीबी चालवायचा जो सल्ला सगळीकडे मिळतो त्याची गरजच उरत नाही. तसं केलं की एडीबी सर्व्हर (एडीबीचा मागे चालू राहणारा भाग) रूट म्हणून 5037 पोर्टवर बसतो, अँड्रॉइड स्टुडिओ त्यालाच जोडला जातो, सगळं छान चालल्यासारखं वाटतं आणि मशीन रीस्टार्ट केलं की परत तेच रडगाणं. सर्व्हर आधीच असा चालू असेल तर सुडोनेच एडीबीची किल-सर्व्हर कमांड देऊन तो बंद करा, मग केबल काढून परत लावा.

कमी एकच, यादीत सगळे फोन नाहीत. माझ्याकडचा एक नव्या कंपनीचा फोन नव्हताच, मग एलएसयूएसबी या यूएसबीला जोडलेल्या गोष्टी दाखवणाऱ्या कमांडमधून व्हेंडर आयडी (कंपनीचा यूएसबी नंबर) बघून ईटीसीखालच्या रूल्स फोल्डरमध्ये स्वतःची ओळ लिहिली. इथे जपून हं, पॅकेजच्या फाइलचं नाव 51-अँड्रॉइड आहे, तेच नाव तुमच्या फाइलला दिलंत तर पॅकेजची अख्खी यादी बाजूला पडते आणि फक्त तुमचीच ओळ चालते, म्हणून 52 वगैरे द्या. आणि ओळीत यूॲक्सेस टॅग (लॉगिन केलेल्या युजरला डिव्हाइस वापरू देणारा) वापरणार असाल तर फाइलच्या नावातला नंबर 73 च्या आतच ठेवा, 99 दिला तर टॅगचा उपयोग होत नाही.

'अनऑथराइज्ड' दिसत असेल तर मात्र हे पॅकेज काही करू शकत नाही, फोनचं लॉक उघडा, स्क्रीनवर परवानगी मागणारी खिडकी आलेली असेल.

आर्च लिनक्सवाल्यांसाठी हेच काम 'अँड्रॉइड-युडेव्ह' करतं.