गॅलिशियन शिकायचीय? स्पॅनिशच्या दारातून शिरावं की पोर्तुगीजच्या?

गॅलिशियन ही स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसियाची भाषा. तिथे सान्तियागोला किंवा व्हिगोला शिकायला निघालेली मंडळी हमखास विचारतात, "स्पॅनिश येतं, तेवढ्यावर गॅलिशियनचं भागेल ना?" गोव्यात ज्यांच्या घरी आजी-आजोबांचं पोर्तुगीज अजून कानावर पडतं, ते तोच प्रश्न पोर्तुगीजबद्दल विचारतात. क्रियापदांचं सोडून द्या, इथे फक्त नामाचं लिंग आणि त्याच्याआधी लागणारं आर्टिकल एवढंच पाहू. मी स्पॅनिशकडून आलो. पहिल्याच आठवड्यात दुकानात दूध मागताना 'आ लेइते' म्हणालो. काउंटरपलीकडच्या आजीबाईंनी खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ओ लेइते."

दूध स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, गॅलिशियनमध्ये पुल्लिंगी. मराठीतलं 'ते दूध' इथे कामाला येत नाही, कारण नपुंसकलिंगी नामं तिन्ही भाषांत नाहीत. इंग्रजी 'the'च्या अर्थाची आर्टिकल गॅलिशियनमध्ये चारच: ओ, आ, ओस, आस. स्पॅनिशची एल, ला, लोस, लास. पोर्तुगीजची लिहायला अगदी गॅलिशियनसारखी, कारण मध्ययुगात या दोन्ही मिळून एकच भाषा होती.

| | गॅलिशियन | स्पॅनिश | पोर्तुगीज |
|---|---|---|---|
| दूध | ओ लेइते | ला लेचे | उ लेइत |
| रक्त | ओ सांगे | ला सांग्रे | उ सांग |
| झाड | आ आर्बोरे | एल आर्बोल | आ आर्व्हर |
| पूल | आ पोन्ते | एल पुएन्ते | आ पोन्त |
| प्रवास | आ विआशे | एल व्याहे | आ व्हियाजें |
| उष्मा | आ कालोर | एल कालोर | उ कालोर |
| घाम | आ सुओर | एल सुदोर | उ सुओर |

वरच्या पाच ओळींत पोर्तुगीजवाला बिनधास्त. मध, मीठ, नाक, रंग, वेदना यांतही तेच: गॅलिशियन आणि पोर्तुगीज एका बाजूला, स्पॅनिश दुसऱ्या. शेवटच्या दोन ओळींत मात्र पोर्तुगीजवाल्याचीही फसगत होते. असे शब्द थोडे आहेत, पण उन्हाळ्यात रोज तोंडात येणारे नेमके हेच.

स्पॅनिशवाल्याला सोबतीला एक नियम मिळतो. स्पॅनिशमध्ये '-आहे'नं संपणारे पुल्लिंगी शब्द गॅलिशियनमध्ये '-आशे' होतात आणि बहुतेक स्त्रीलिंगी बनतात: विआशे, मेनसाशे (निरोप), पाइसाशे (निसर्गदृश्य), अगदी गाराशेसुद्धा. 'ओ त्राशे', म्हणजे पोशाख, हा अपवाद. बाकीचे वीस-पंचवीस शब्द सरळ पाठ करायचे. नुसतं ऐकून शिकू म्हणाल, तर शहरात स्पॅनिशच्या प्रभावाखाली 'ओ विआशे' म्हणणारे गॅलिशियन लोकही भेटतील. रिआल आकादेमिया गालेगा या गॅलिशियन भाषेच्या अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात प्रत्येक नामाचं लिंग दिलेलं असतं. शंका आली की तिथे बघा.

खरी दमछाक जोडरूपांत होते. स्पॅनिशमध्ये अशी दोनच, देल आणि आल. गॅलिशियनमध्ये 'दे' (-चा), 'एन' (-त), 'कोन' (-सह), 'पोर' (-मुळे, -मधून) ही सगळी अव्ययं आर्टिकलला चिकटतात: दो, दा, नो, ना, को, कोआ, पोलो, पोला. मराठी माणसाला हे घाबरण्यासारखं नाही. 'घर'ला 'आत' जोडून आपण 'घरात' म्हणतो, इथे तोच 'त' पुढे येऊन बसतो: ना कासा. पोर्तुगीजवाल्याला दो-दा, नो-ना आयते मिळतात. 'पोलो'च्या जागी त्याच्या तोंडी 'पेलो' येतं आणि 'कोन'चं जोडरूप प्रमाण पोर्तुगीजमध्ये नाहीच, तेवढं शिकावं लागतं. 'माझं घर' म्हणतानाही आर्टिकल हवं, 'आ मिञा कासा'. स्पॅनिशवाला 'मि कासा'च्या सवयीनं ते हमखास गाळतो.

गावांच्या नावातही आर्टिकल आहे. 1983 च्या भाषा-कायद्याप्रमाणे गावांची गॅलिशियन नावंच अधिकृत, म्हणून 'आ कोरुञा'. 'कोरुञामध्ये' म्हणजे 'ना कोरुञा'. नकाशात 'आ' आणि तोंडात 'ना', हे पचायला मला महिना लागला.

एक गोष्ट दोघांनाही नवी. क्रियापद 'र' किंवा 'स'नं संपलं की ते अक्षर गळतं आणि पुढच्या 'ओ'चं 'लो' होतं: 'कोमेर ओ काल्दो' (काल्दो म्हणजे तिथलं घरोघरचं सूप) बोलताना 'कोमेलो काल्दो'. लिहिताना हे बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे, त्यामुळे सुरुवातीला नुसतं ओळखता आलं तरी पुरे.

'एक' या अर्थाच्या स्त्रीलिंगी शब्दात मराठी माणूस दोघांच्याही पुढे जातो. तो आहे 'उङा'. 'वाङ्मय'मधला आपला अडगळीत पडलेला ङ इथे दिवसातून शंभरदा लागतो. पोर्तुगीज वाचणारा त्यातली nh ही अक्षरं बघून 'ञ' म्हणतो.

मग काय करावं? पोर्तुगीज येत असेल तर लिंग आणि आर्टिकल यांत निम्म्याहून जास्त काम झालेलं आहे, सरळ गॅलिशियन सुरू करा. स्पॅनिश येत असेल तर मध्ये पोर्तुगीज शिकण्याच्या भानगडीत पडू नका. ती शब्दांची यादी आणि जोडरूपं यांवर जोर दिलात की झालं. स्पॅनिश टाकूनही देऊ नका, गॅलिशियनची बरीच पुस्तकं स्पॅनिशमधून समजावतात. दोन्ही येत नसतील तर मी थेट गॅलिशियनच सुचवीन. सवयी मोडायचा त्रास नाही, आणि 'चांगला रस्ता, चांगली वाट' म्हणणाऱ्याला विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. साहित्य कमी मिळेल, ही अडचण मात्र खरी.

वही करताना शब्दाआधी नुसतं 'ओ' किंवा 'आ' लिहू नका. 'आ आर्बोरे' भरभर म्हटलं की दोन्ही 'आ' एकमेकांत विरतात आणि लिंग कानाला लागतच नाही. 'ना आर्बोरे', 'नो लेइते', 'ना पोन्ते' असं लिहा. माझ्या वहीत आता पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'नो लेइते' आहे.