मृत्यूदरातील विषमता: फरक मांडावा की गुणोत्तर?

आरोग्य अहवाल लिहिताना दोन गटांच्या मृत्यूदरांची वजाबाकी द्यावी की भागाकार, असा पेच एका सहकारी डॉक्टरांनी परवा माझ्यापुढे ठेवला.

अमेरिकेतील मातामृत्यूंचे आकडे पाहा. २०२१ साली दर १ लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ६९.९, तर श्वेतवर्णीय स्त्रियांमध्ये २६.६ मृत्यू झाले. २०२२ मध्ये हेच दर ४९.५ आणि १९.० वर आले. फरक ४३.३ वरून ३०.५ झाला, म्हणजे कृष्णवर्णीय मातांचे जादा मृत्यू घटले, आणि ही गोष्ट गुणोत्तर कधीच सांगणार नाही. पण गुणोत्तर दोन्ही वर्षी २.६ च्या आसपासच राहिले. विषमतेचे मूळ जागचे हलले नव्हते, हे फरकावरून कळत नाही. मला तर ही दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करते.

आकडेमोडीचे कष्ट दोन्हीकडे सारखेच. गटांची वयोरचना वेगळी असल्यास वयानुसार प्रमाणित दरच (दोन्ही गटांची वयोरचना एकच धरून काढलेले) घ्यावेत, नाहीतर दोन्ही मापे फसवतात.

दिशाभूल मात्र गुणोत्तर अधिक करते. दुर्मिळ आजारात १ लाखामागे १ विरुद्ध ४ मृत्यू असले, तरी ‘चौपट’ हा शब्द मथळा व्यापतो, आणि शेकड्यांनी बळी घेणारा, पण जेमतेम सव्वापट तफावतीचा हृदयविकार मागे पडतो.

निधी, खाटा, मनुष्यबळ कोठे द्यायचे हे ठरवणाऱ्यांनी फरक धरावा; कारणांचा शोध घेणाऱ्या संशोधकांना गुणोत्तर उपयोगी पडेल. वर्षानुवर्षांची प्रगती तपासणाऱ्याने दोन्ही मापे मूळ दरांसह छापावीत.