पद्मिनीचा वायपर आणि गोडोलीतले पाटी नसलेले दुकान

जुलैमध्ये यवतेश्वरच्या घाटात पाऊस आणि धुके एकत्र उतरले, की इंजिन कितीही ठणठणीत असले तरी उपयोग नसतो. पुढची काच पुसली जात असेल तरच गाडी सुखरूप खाली येते. माझ्या १९७४ च्या प्रीमियर पद्मिनीचा वायपर गेल्या पावसाळ्यात कासहून परतताना नेमका याच घाटात काचेच्या मधोमध थांबला आणि उरलेली वळणे मी खिडकीतून डोके बाहेर काढून, पहिल्या गिअरमध्ये उतरलो. वळवाच्या पावसापासूनच तो मंदावत चालला होता. स्विच बंद केल्यावर काचेच्या तळाशी येऊन बसण्याऐवजी जिथे असेल तिथेच राहतही होता, पण मी ते गाडीच्या वयावर ढकलले होते. त्या मोटरची दुरुस्ती अखेर साताऱ्यातच, गोडोलीच्या बाजूला असलेल्या एका छोट्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात झाली. दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव देता येत नाही; बाहेर जुन्या डायनॅमोंचा (गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्रांचा) ढीग दिसतो, एवढीच त्याची खूण.

तिथे पोहोचण्यापूर्वी मी दोन ठिकाणी हिंडलो होतो. पहिल्या गॅरेजमध्ये बोनेट उघडण्याआधीच मोटर जळल्याचे सांगण्यात आले आणि आजच्या एका छोट्या व्हॅनची मोटर ब्रॅकेट वेल्ड करून बसवण्याचा सल्ला मिळाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात राखलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते; त्यात विचार होतो तो चासी, बॉडी आणि इंजिनातील फेरफारांचा, वायपरच्या मोटरचा नव्हे. तरीही इतकी वर्षे टिकलेल्या पत्र्याला वेल्डिंगचा चटका द्यावा, हे मला पटले नाही. दुसऱ्या ठिकाणी मोटर काढून टेबलावर बॅटरीला उलटी जोडून पाहिली. ती तरीही पूर्वीच्याच दिशेने फिरली, तेव्हा तिच्यात दोष आहे असा निष्कर्ष काढून माझ्या हाती परत दिली गेली. वास्तविक या मोटरमध्ये कायमचे चुंबक नाही, तर प्रवाह गेल्यावर चुंबक बनणारी तारेची गुंडाळी, म्हणजे फिल्ड कॉइल आहे. अशा मोटरला बॅटरी उलटी जोडली तर फिल्ड आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) या दोन्हींतील प्रवाह एकदमच उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते; गोडोलीच्या मिस्त्रींनी समजावून सांगितले, आणि तेही कुणाला नावे न ठेवता.

त्यांनी मोटर प्रथम आहे तशी गाडीत पुन्हा बसवायला लावली आणि पहिला अर्धा तास केवळ मोजमाप केले. बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते. स्विच चालू ठेवून मोटरचे टोक आणि मोटरचे अंग यांच्यामध्ये मीटर लावला, तर जेमतेम साडेनऊ व्होल्ट पोहोचत होते. मग मोटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजले, तर तिथेच दोन व्होल्टांहून अधिक हरवत होते. "मोटर जळल्याली न्हाय सायेब, उपाशी हाय," एवढे बोलून त्यांनी प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची वायर दाखवली. कंप आणि आवाज पत्र्यात उतरू नये म्हणून मोटर रबरी वॉशरांवर बसवलेली असते, त्यामुळे तिला बॉडीचा अर्थ आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळी वायर बॉडीला स्क्रूने कसलेली असते. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने, चांगले पैसे मोजून गाडीचे पूर्ण रंगकाम करून घेतले होते, आणि त्या स्क्रूखालच्या पत्र्यावरही रंगाचा सुबक, चकचकीत थर चढलेला होता. म्हणजे निम्मे दुखणे मी स्वतःच विकत घेतले होते.

इथे दुसरा कुणी रंग खरवडून, स्क्रू आवळून मोकळा झाला असता, कारण तेवढ्याने वायपर चालू लागला होता. मिस्त्रींनी मात्र मोटरची गती वायपरपर्यंत नेणारे दांड्यांचे लिंकेज मोटरपासून सुटे केले, वायपरचे दोन्ही आर्म हाताने हलवून पाहिले आणि चालकाच्या बाजूचा स्पिंडल (आर्म ज्यावर फिरतो तो दांडा) घट्ट झाल्याचे मला स्वतः हात लावून बघायला सांगितले. त्यानंतर मोटर एकटीच चालवून अँपिअर मोजले. काहीही ओढायचे नसताना ती पाच अँपिअरच्या वर घेत होती, आणि ते जास्त आहे असे त्यांचे म्हणणे पडले.

मोटर उघडल्यावर कारण समोर आले. गिअरच्या डबीतील ग्रीस साबणाच्या वडीसारखे घट्ट झाले होते. वर्म (गिअर फिरवणारा मळसूत्री दांडा) आणि गिअर त्यातून वाट काढत फिरत होते, पण दाते शाबूत होते. आर्मेचरच्या मागच्या टोकाला शाफ्ट पेलणारा बुश कोरडा पडून तिथली शाफ्ट काळवंडली होती. हा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो आणि तेल त्याच्या अंगातच मुरलेले असावे लागते, म्हणून नवा बुश रात्रभर तेलात बुडवून मगच बसवण्यात आला. आर्मेचरला वीज पोहोचवणाऱ्या कम्युटेटरच्या पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनच्या भुकटीने भरल्या होत्या. त्या हॅक्सॉच्या झिजवून पातळ केलेल्या पात्याने एकेक करून मोकळ्या केल्या. कम्युटेटरवर घासणारे कार्बनचे ब्रश झिजून स्प्रिंग जवळजवळ टेकली होती आणि मूळ मापाचे कार्बन आता मिळत नाहीत. दुचाकीच्या स्टार्टरचे ब्रश मापाला जवळ येतील, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सुचवले. त्यावर, त्यांत तांब्याचे प्रमाण जास्त असते, ते थोड्या वेळापुरत्या जबर प्रवाहासाठी केलेले असतात आणि इथे तासन्‌तास चालले तर कम्युटेटर खातील, असे उत्तर मिळाले. शेवटी डायनॅमोचे कार्बन पॉलिश पेपरवर घासून मापात आणले गेले. या एका कामालाच दुपार गेली.

वायपर खाली येऊन न बसण्याचा दोष त्यामानाने किरकोळ निघाला. स्विच बंद केल्यावरही मोटरला एक समांतर वाट चालू राहते आणि आर्म तळाशी आल्यावर गिअरबरोबर फिरणारा संपर्क ती वाट तोडतो. त्या संपर्काच्या टोकावर काजळी धरली होती. ती साफ करून पत्ती किंचित वाकवली, एवढेच.

सेवेबद्दल तक्रारीही आहेत. चार दिवसांचा वायदा अकरा दिवसांवर गेला, आणि बुश तेलात मुरायला एक रात्र लागते हे मान्य केले तरी उरलेल्या सहा दिवसांचा हिशेब लागत नाही. फोन उचलला जात नाही. तिथे स्वतः जाऊन उभे राहावे लागते. एकूण २,१५० रुपये झाले, ज्यात मजुरीच अधिक होती. रक्कम मला रास्त वाटली, पण पावती मागितल्यावर वहीचे अर्धे पान फाडून मिळाले. मोटर बसवताना काचेखालच्या रंगावर बोटभर ओरखडा पडला. तो मीच दाखवून दिला, तेव्हा त्यांनी तो मान्य केला आणि शंभर रुपये कमी केले. काढलेले जुने ब्रश आणि बुश मात्र कागदात बांधून न मागता परत दिले. ज्यांना गाडी सकाळी सोडून संध्याकाळी न्यायची आहे, त्यांनी इथे जाऊ नये.

वायपर मला दाखवण्यापूर्वी त्यांनी काचेवर तांब्याभर पाणी ओतले, कारण कोरड्या काचेवर रबर अडखळते आणि मोटरवर विनाकारण ताण येतो. लिंकेज जोडून, ओल्या काचेवर मोटर आता सव्वातीन अँपिअर घेते. ऑगस्टमध्ये भर पावसात पुन्हा कासला जाऊन आलो. चढावर मिनिटाला ४६ फेऱ्या मोजल्या आणि स्विच बंद केल्यावर आर्म दर वेळी तळाशी आले. गाडी उभी असताना मात्र हाच आकडा ३५ वर येतो, कारण या गाडीला डायनॅमो आहे आणि इंजिन आयडलवर असताना तो पुरेसा चार्ज देत नाही. हेडलाइट लावले की सगळा भार बॅटरीवर पडतो. त्यासाठी डायनॅमोच्या जागी, आयडलवरही पुरेसा चार्ज देणारा अल्टरनेटर बसवावा का, असे मी विचारले, तर दोन-चार हजारांचे काम हाती येत असूनही मिस्त्रींनी पोवई नाक्याच्या गर्दीत अडकल्यावर हेडलाइट बंद ठेवायला सांगितले.